पिप्पी, टोपीवाला उंदीर आणि आईचा प्रश्न
स्वीडनच्या २० क्रोनांच्या नोटेवर एक लेखिका आहे, अॅस्ट्रिड लिंडग्रेन, आणि सोबत तिच्या गोष्टीतली लाल वेण्यांची पोरगी पिप्पी. इकडं सगळं पेमेंट मोबाइलवरून त्यामुळं नोट हातात येतच नाही म्हणा, पण मला लई भारी वाटलं, राजा नाही पंतप्रधान नाही, पोरांच्या गोष्टी लिहिणारी बाई!

आपल्याकडं पिप्पी फार जणांना माहीत नसेल म्हणून सांगते. १९४१ मध्ये लिंडग्रेनबाईंची लेक आजारी होती, अंथरुणातनं म्हणाली मला पिप्पी लाँगस्त्रुंपची गोष्ट सांग, नाव तिनंच तिथल्या तिथं बनवलेलं, आणि आई सांगत सुटली. एका मोठ्या प्रकाशकानं परत पाठवलेलं पुस्तक १९४५ ला दुसऱ्याकडनं आलं. नऊ वर्षांची पोरगी, घरात मोठं माणूस नाही, सोबत माकड, व्हरांड्यात घोडा, सुटकेसभर सोन्याची नाणी, आणि ताकद एवढी की तो घोडा उचलते. पण ताकद वापरते कुणावर ते बघा. पाच पोरं मिळून एकाला छळत असतात, त्यातल्या म्होरक्याला ती झाडावर टांगते. एक माणूस दमलेल्या घोड्याला चाबकानं बडवत असतो तर त्याचा चाबूक मोडते, पोतं त्याच्याच पाठीवर देते आणि घोड्याला स्वतः उचलून घरी नेते.

माझ्या लेकीनं हे सगळं व्हिडिओ कॉलवर आज्जीला सांगितलं. आई सोलापुरात साखर पेठेत राहते, म्युनिसिपालटीच्या शाळेतनं रिटायर झालेली मास्तरीण. ती म्हणाली, "ही तर आपल्या उंदराची बहीण की गं!" आणि सुरू. उंदराला चिंधी सापडते (आईच्या गोष्टीत ती टॉवेलच्या कारखान्यात मागाखालीच सापडते, दुसरीकडं कुठं सापडणार), परीट धुतो, रंगारी रंगवतो, शिंपी टोपी शिवून गोंडा लावतो, मग राजा ती हिसकावतो आणि हा पठ्ठ्या ढोलकं बडवत गावभर, "राजा भिकारी, माझी टोपी घेतली!" राजा वैतागून टोपी फेकतो तर लगेच, "राजा मला भ्याला, माझी टोपी दिली, ढुम ढुम ढुमाक!"

मला विचाराल तर उंदीर पिप्पीपेक्षा भारी, कारण तिच्याकडं ताकद पण आहे आणि पैसा पण, ह्याच्याकडं फक्त ढोलकं आणि तोंड. आणि गंमत म्हणजे लिंडग्रेनबाई स्वतः उंदराच्याच जातीच्या निघाल्या. १९७६ मध्ये त्यांच्या लक्षात आलं की स्वतःचा धंदा असणाऱ्यांना वरचे चार्जेस धरून जादा कमाईवर १०२ टक्के टॅक्स बसतोय, म्हणजे शंभर कमवा आणि एकशेदोन भरा. बाईंनी मोर्चा नाही काढला, पेपरात एक परीकथा लिहिली, त्यात पोरांची पुस्तकं लिहिणारी एक बाई आणि हाच हिशोब. अर्थमंत्री म्हणाले, बाईंना गोष्टी येतात, हिशोब येत नाही. बाईंनी उलटं सुनावलं की गोष्टी तर मंत्रीसाहेबांनाच चांगल्या येतात, हिशोबच येत नाही, तेव्हा आपण नोकऱ्या बदलूया. त्याच वर्षी चाळीसहून जास्त वर्षं सत्तेत असलेला पक्ष निवडणूक हरला. एका गोष्टीनं सरकार पडत नाही हे मलाही कळतं, पण इकडं आजही ह्याची आठवण काढतात. आणि तो पक्ष बाईंचा स्वतःचाच होता!

हे ऐकून आई जाम खुश. मग लेकीनं रोसेनब्लूमबाईंची गोष्ट काढली, ह्या श्रीमंत बाई शाळेत येऊन प्रश्न विचारतात, उत्तर आलं त्याला बक्षीस, नाही आलं तो सगळ्यांसमोर शरमेच्या घोळक्यात उभा. पिप्पी त्या घोळक्यातल्या पोरांना घेऊन आपलीच परीक्षा मांडते आणि सगळ्यांना सोन्याचं नाणं देते. आई म्हणाली, "असं सगळ्यांनाच दिलं तर पोरं पाढे कशाला पाठ करतील?" आईची फुटपट्टी अख्ख्या गल्लीला माहीत, मी पण खाल्लीय. मी सांगितलं की इथं १९७९ पासून घरातसुद्धा पोरांवर हात उचलायला कायद्यानं बंदी आहे, असा कायदा करणारा जगातला पहिला देश. आई म्हणाली, "तू शिकलीस ना त्याच फुटपट्टीनं?" मी म्हटलं, शिकले आई, पण गणिताच्या तासाला पोटात दुखायचं ते पण तिनंच. त्यावर तिनं नातीला विचारलं, तुमच्या मास्तरीण मग चिडल्यावर काय करतात गं, आणि दोघींचं ते बराच वेळ चाललं, मी कुकर लावायला उठले.