संधिवाताच्या मुलांचे डोळे : लाली नसली तरी तपासाच

तीन वर्षांची मुलगी, एक गुडघा सुजलेला, सकाळी उठल्यावर लंगडते आणि रक्ताच्या रिपोर्टवर ‘एएनए पॉझिटिव्ह’, म्हणजे स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या अँटीबॉडी सापडलेल्या. ल्युपसच्या, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या आजाराच्या, धास्तीने घर हादरतं. पण निरोगी मुलांतही एएनए पॉझिटिव्ह येऊ शकतो. जेआयए, म्हणजे मुलांचा दीर्घकालीन संधिवात असेल, तर या रिपोर्टचा खरा उपयोग वेगळा आहे : या आजारात डोळाही आतून सुजू शकतो, आणि डोळे किती वेळा तपासायचे ते त्यावरून ठरतं.

पहिल्या सहा महिन्यांत चार किंवा कमी सांधे धरलेले, दुखणं सातव्या वर्षाआधी सुरू झालेलं आणि एएनए पॉझिटिव्ह असेल, तर पहिली चार वर्षं दर 3 महिन्यांनी स्लिट लॅम्पची, म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरांकडच्या सूक्ष्मदर्शकाची, तपासणी हवी. जोखीम कमी असेल तर 6 ते 12 महिन्यांनी. एएनए निगेटिव्ह आला म्हणून तपासणी सुटत नाही. आणि त्याचा टायटर (रक्तातलं प्रमाण) पुन्हा पुन्हा काढून डोळ्याची सूज वाढली की उतरली हे कळत नाही. तो खर्च वाचवा.

या मुलांचा युव्हिआयटिस, म्हणजे डोळ्याच्या आतली सूज, फसवा असतो. डोळा पांढराशुभ्र, दुखत नाही, मूल तक्रार करत नाही. गुडघा पूर्ण बरा असतानाही डोळा आतून सुजलेला असू शकतो. साध्या टॉर्चने हे दिसत नाही. स्लिट लॅम्पचा बारीक झोत तिरका टाकला, की कवडशात धूळ तरंगावी तशा पेशी बुबुळापुढच्या पाण्यात तरंगताना दिसतात. उशीर झाला तर बाहुलीची कड मागच्या भिंगाला चिकटते आणि बाहुली वेडीवाकडी होते. मग मोतीबिंदू, काचबिंदू, पारदर्शक पटलावर कॅल्शियमचा पट्टा. हे सगळं टाळता येण्यासारखं असतं, म्हणून एवढा आग्रह.

उपचार बहुधा प्रेडनिसोलोन ॲसिटेट 1 टक्का थेंबांनी सुरू होतो. औषध तळाशी बसतं, त्यामुळे बाटली नीट हलवली नाही तर नुसतं पाणीच डोळ्यात जातं. थेंब टाकून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबून धरा. दुसरं औषध पाच मिनिटांनी. डोळा छान दिसतो म्हणून थेंब स्वतःहून बंद करू नका, सूज उलटते. थेंब कमी केल्यावर महिन्याच्या आत पुन्हा तपासणी. स्टिरॉइडनेही डोळ्याचा दाब वाढतो, तोही दर वेळी मोजून घ्या.

तीन महिन्यांनंतरही रोज एक-दोन थेंबांवाचून भागत नसेल, तर मेथोट्रेक्सेट या सूज आवरणाऱ्या औषधाचा विचार होतो. ते आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. चुकून रोज दिलं तर जिवावर बेतू शकतं. तेवढ्याने भागलं नाही तर ॲडॅलिम्युमॅब हे बायोलॉजिक, म्हणजे सूज घडवणाऱ्या विशिष्ट प्रथिनाला रोखणारं औषध, जोडतात. इटानरसेप्ट हे दुसरं बायोलॉजिक सांध्यांना चालतं, पण डोळ्यासाठी ते निवडत नाहीत, म्हणून बायोलॉजिक ठरवताना संधिवाताच्या डॉक्टरांपुढे डोळ्याच्या तपासणीचा कागद असायलाच हवा.