रिव्हॉल्व्हरची किंमत आणि परवान्याची फाइल

परवान्यावर मिळणारे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर आपल्याकडे कधीच स्वस्त नव्हते. आयुध निर्माणीने ‘निर्भीक’ हे .३२ बोअरचे (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास) रिव्हॉल्व्हर २०१४ मध्ये आणले, तेव्हाच त्याची किंमत सुमारे १ लाख २२ हजार रुपये होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा शस्त्रांवरील जीएसटी २८ वरून ४० टक्क्यांवर गेला, म्हणजे मूळ किंमत लाखाची धरली तरी खरेदीदाराला १ लाख ४० हजार मोजावे लागतात. अमेरिकेतील कॅलिफोर्निया हे कडक कायद्यांचे राज्य. पण तिथेही साधे नऊ मिलिमीटरचे पिस्तूल पाच-सहाशे डॉलरला मिळते. त्यावर जुलै २०२४ पासून ११ टक्के राज्य कर लागतो, सुरक्षेची परीक्षा द्यावी लागते आणि पैसे भरल्यानंतर दहा दिवस थांबावे लागते. नऊ मिलिमीटर हा बोअर आपल्याकडे प्रतिबंधित आहे, त्यामुळे सामान्य नागरिकाची निवड मुख्यतः .३२ किंवा .२२ पुरती उरते.

मात्र जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात केळीचा व्यापार करणाऱ्या माझ्या थोरल्या चुलत भावाने, म्हणजे दादांनी, रिव्हॉल्व्हरच्या परवान्यासाठी अर्ज केला तेव्हा लक्षात आले की, किंमत हा शेवटचा प्रश्न आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक किंवा स्वसंरक्षणासाठी लांब नळीची साधी बंदूक मागणाऱ्याची वाट तुलनेने सोपी ठेवलेली आहे; रानडुकरांनी हैराण झालेल्या शेतकऱ्याचा त्यात विचार दिसतो. कमरेला लावता येणाऱ्या शस्त्राला ती सवलत नाही. तिथे अर्जदाराने सबळ कारण दाखवावे लागते आणि ते जिल्हाधिकाऱ्यांना पटावे लागते. हा भेद मला अगदी योग्य वाटतो, कारण लपवून नेता येणारे शस्त्र भांडणात क्षणात बाहेर येते.

दादांच्या फाइलमध्ये आधार, पॅन, आयकराची विवरणपत्रे, सातबारा, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला असे सगळे होते. अर्ज ऑनलाइन भरला, तरी खरी तपासणी गावात झाली. पोलीस ठाण्यातून आलेल्या हवालदारांनी पोलीस पाटलांना विचारले, शेजाऱ्यांना विचारले, भाऊबंदकीत जमिनीचा वाद आहे का याची चौकशी केली आणि मग ओट्यावर बसून दादांना शांतपणे म्हणाले, “आबा, एवढी रोकड गाडीत घेऊन फिरता कशाला? बँकेतून का देत नाही?” दादांना तो प्रश्न बोचला. मला मात्र संपूर्ण प्रक्रियेत तोच सर्वांत मोलाचा वाटला, कारण शस्त्राची गरज खरी आहे की सवयीतून आलेली आहे, हे त्यातूनच कळते. त्या दिवसानंतर मजुरी वगळता त्यांचे बहुतेक व्यवहार बँकेमार्फत होऊ लागले.

माझी तक्रार आहे ती विलंबाची. २०१६ च्या शस्त्र नियमांत पोलीस अहवालासाठी तीस दिवसांची मुदत दिलेली आहे, आणि प्रत्यक्षात अर्जदाराला महिनोन्‌महिने ना होकार मिळतो ना नकार. खान्देशात हा विलंब विशेष घातक आहे. चोपड्याच्या पलीकडे, मध्य प्रदेशच्या हद्दीतल्या उमर्टीचे नाव गावठी कट्ट्यांच्या संदर्भात वर्षानुवर्षे बातम्यांत येते, आणि कट्ट्याला ना अर्ज लागतो ना जीएसटी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना शस्त्र बाळगल्यास किमान दोन वर्षे व कमाल पाच वर्षे कारावास आहे, तर ते बनवणाऱ्याला आणि विकणाऱ्याला जन्मठेपही होऊ शकते. तरीही आमच्या भागातली तरुण मुले मोबाइलवर कट्ट्यासह फोटो टाकतात, हे पाहून जीव तुटतो. नियम सैल करा असे मी मुळीच म्हणत नाही. चौकशी आणखी कसून व्हावी, पण ती मुदतीत संपावी.

परवाना मिळाल्यानंतरही कागद संपत नाहीत. घेतलेल्या शस्त्राची परवान्यावर नोंद करून घ्यावी लागते, काडतुसांचा हिशेब ठेवावा लागतो आणि आता पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. निवडणुकीच्या काळात आदेश निघाला की शस्त्र ठाण्यात जमा करावे लागते. रावेरच्या व्यापाऱ्याने तर परवान्यावरील क्षेत्राचा रकाना आधी वाचावा. तिथे फक्त महाराष्ट्र लिहिले असेल, तर केळीच्या सौद्यासाठी मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरला जाताना रिव्हॉल्व्हर घरीच ठेवावे लागेल, आणि नेमक्या त्याच रस्त्यासाठी ते मागितलेले असते.

अर्ज फेटाळला गेला तर कारणे लेखी मागण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. सार्वजनिक हिताला बाधा येत असेल तरच ती नाकारता येतात. त्या नकाराविरुद्ध विभागीय आयुक्तांकडे, म्हणजे आपल्यासाठी नाशिकला, अपील करता येते. ज्यांचा अर्ज पडून आहे त्यांनी ओळखीचा माणूस शोधत फिरण्यापेक्षा, अर्ज क्रमांक आणि दाखल केल्याची तारीख लिहून सद्यःस्थिती लेखी विचारावी आणि पोच घ्यावी. दादांनीही आता तसाच अर्ज दिलेला आहे.