आल्टोच्या बाकावरून

नगरहून फोन आला की कुणी ना कुणी विचारतंच, "तुमच्या त्या चर्चला घोडागाडीनं जातात ना गं?" घोडागाडी आमिश नावाच्या ख्रिस्ती पंथातल्या लोकांची. अमेरिकेत, इंडियानाच्या उत्तरेला, आमच्या गोशेन गावात ती रोज दिसते, दुकानांबाहेर घोडे बांधायला जागाही असते. आम्ही मेनोनाइट, दुसरा ख्रिस्ती पंथ. मूळ एकच, पण आमच्या चर्चबाहेर गाड्या आणि सायकली लागलेल्या असतात, आणि आतल्या लोकांचे कपडे गावातल्या इतर कुणासारखेच. मेनोनाइट मंडळीचं वेगळेपण बघायला नाही, ऐकायला यावं लागतं.

हे लिहायला बसले त्याला कारण आहे. आमच्या मंडळीत सध्या चर्चा चालू आहे, की गीतांची नोटेशन असलेली पुस्तकं बाकांवर ठेवायची, की पडद्यावर नुसते शब्द दाखवायचे. सभेत दोन्ही बाजूंनी चांगली माणसं बोलली. पडद्याच्या बाजूनं जे बोलले त्यांचं म्हणणं असं, की बाहेरून आलेल्यांना नोटेशन वाचता येत नाही, चार आवाजांत गाता येत नाही, त्यांना परकं वाटतं. मंडळीत आता होंडुरासचे, मेक्सिकोचे, केनियाचे लोक आहेत. आणि मी आहे. म्हणजे ज्यांच्यासाठी हे सोडून द्यायचं चाललंय त्यांच्यातली मी एक. म्हणून माझं मत मला नीट मांडायचं आहे.

आधी इथे गातात कसं ते सांगते. पुढे गायकवृंद उभा नसतो. ऑर्गन नाही. पियानो आहे, पण बऱ्याच गीतांना तो बंद असतो. साँग लीडर पुढे येतात, गीताचा क्रमांक सांगतात, खिशातली गोल पिच पाइप ओठाला लावून एक सूर काढतात, मग त्या सुरावरून चारही आवाजांचे सूर खालून वर गुणगुणून दाखवतात : बेस, टेनर, आल्टो, सोप्रानो; पहिले दोन पुरुषांचे, पुढचे दोन बायकांचे. हात वर जातो. सगळी मंडळी एकदम श्वास घेते, आणि तो श्वास ऐकू येतो. पहिल्याच शब्दाला चार आवाज उलगडतात. तालीम झालेली नसते. शेतकरी, शिक्षक, कॅरव्हॅनच्या कारखान्यात रात्रपाळी करून आलेला पोरगा, कडेवर बाळ घेतलेली आई, सगळे आपापल्या ओळीत. बाळाला कडेवर घेऊन त्याच्या कानाशी टेनर गाणारा बाप मी इथेच पहिल्यांदा पाहिला.

मी वाढले ते नगरच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये. पेटी, तबला, झांज, हातात 'उपासना संगीत'. ना. वा. टिळकांची भजनं आम्हाला पुस्तक न उघडता येत. पुढचा एक ओळ सांगणार, आम्ही सगळे तीच ओळ, त्याच चालीत, जोरात. चाल सगळ्यांची. इथे आले तेव्हा कळलं की चाल फक्त सोप्रानोंची असते, आणि माझा आवाज तर खालचा. वरच्या सुरांना मी गप्प बसायची. ते पाहून एका रविवारी मागच्या बाकावरच्या आजींनी मला खुणेनं बोलावून शेजारी बसवून घेतलं. इथे सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात, पाळकांनासुद्धा. मला ते जमत नाही. ऐंशी ओलांडलेल्या बाईला मी 'आजी'च म्हणते, आणि आता त्यांची नातवंडंही मजेनं तसंच म्हणतात.

आजी आयुष्यभर शाळेत शिकवत होत्या. त्यांनी मला थिअरी वगैरे काही सांगितलं नाही. पुस्तक दोघींत धरलं आणि सोप्रानोच्या खालच्या टिंबांखालून बोट फिरवत त्या गात राहिल्या. पहिले काही रविवार मी नुसती गुणगुणत होते. आल्टोची ओळ एकटी म्हणून पाहिली तर तीत काहीच नसतं. तोच सूर पाच-सहा वेळा, मग एक पायरी खाली, पुन्हा वर. घरी भांडी घासताना म्हणून पाहिली तर नवरा म्हणाला, "हे गाणं आहे का?" पण मंडळीत तोच एक सूर धरून ठेवला की त्याच्याखाली बेस सरकतो, वर चाल सरकते, आणि आपला न हललेला सूर प्रत्येक शब्दाला वेगळा ऐकू येतो. मध्येच एखाद्या जागी आल्टो अर्धाच सूर खाली उतरते आणि सगळ्या ओळीचा रंग पालटतो. अशा जागेवर आजी मला कोपरानं ढोसायच्या.

त्यांनी एक गोष्ट मात्र सांगितली. "चालीकडे कान देऊ नकोस, ती तुला ओढून नेईल. बेस ऐक, आणि बेसवर उभी राहा." त्या दिवसापासून मी गाताना मागच्या पुरुषांकडे कान ठेवते, तानपुऱ्याकडे ठेवावा तसा.

इथल्या लोकांना वाटतं की हे गाणं त्यांच्या रक्तातच आहे, स्वित्झर्लंड-जर्मनीतून बापजाद्यांनी आणलंय. तसं नाही, आणि या चर्चेत ते महत्त्वाचं आहे. २१ जानेवारी १५२५ ला झुरिकमध्ये काही तरुणांनी एका घरात जमून एकमेकांना प्रौढ वयात बाप्तिस्मा दिला, तिथून ही चळवळ सुरू झाली. त्यांतल्या फेलिक्स मान्झला दोनच वर्षांनी, जानेवारी १५२७ मध्ये, लिमाट नदीत बुडवून मारलं. पुढे मेनो सिमन्स या डच पाद्र्यानं आपलं पद सोडलं आणि विखुरलेल्या लोकांना धरून ठेवलं, त्याच्यावरून नाव पडलं. त्यांच्या सर्वांत जुन्या गीतांपैकी बरीच तुरुंगातली आहेत. १५३५ ते १५४० या काळात जर्मनीतल्या पासाउच्या किल्ल्यात डांबलेल्या लोकांनी ती रचली. 'आउसबुंड' या गीतसंग्रहात ती छापली गेली आणि आमिश लोक आजही तो वापरतात. त्यात सूर छापलेले नाहीत, फक्त शब्द. चाली तोंडातोंडी आलेल्या. त्यांच्या प्रत्येक उपासनेत दुसऱ्या क्रमांकाचं गीत ठरलेलं, स्तुतीचं, आणि ते इतकं संथ की चार कडव्यांना वीसेक मिनिटं लागतात. सगळे एकाच सुरात गातात. चार आवाज नाहीत. वेगवेगळे आवाज काढणं म्हणजे मिरवणं, असं जुने लोक मानत.

चार आवाज आले ते एकोणिसाव्या शतकात, अमेरिकेत, आणि शिकवून आले. व्हर्जिनियात जोसेफ फंक नावाचा मेनोनाइट माणूस होता. त्यानं १८३२ मध्ये गीतांचं पुस्तक छापलं. गावोगावी गाण्याच्या शाळा भरत, हिवाळ्याच्या संध्याकाळी शेतकरी नोटेशन शिकायला येत. १८५१ च्या आवृत्तीत त्यानं प्रत्येक स्वराला वेगळा आकार दिला. डो, रे, मी असे सात स्वर आणि सात आकार, त्रिकोण, चौकोन, गोल. टिंब कुठल्या रेषेवर आहे हे न कळणाऱ्यालाही आकार पाहून स्वर ओळखता यावा म्हणून. सारेगमप ज्याला येतं त्याला हे अर्ध्या तासात समजतं, मला समजलं. तेव्हा हे रक्तातलं असतं तर शाळा काढाव्या लागल्या नसत्या. ज्यांना येत नव्हतं अशा लोकांनी हे बसून शिकून घेतलं. मग आम्हालाही बसवा की.

'सहाशे सहा'बद्दल न सांगता हे पुरं होणार नाही. १९६९ च्या लाल पुस्तकात ६०६ क्रमांकावर एक स्तुतिगीत होतं. शब्द टॉमस केन यांचे, सतराव्या शतकातले, "ज्याच्यापासून सर्व आशीर्वाद वाहतात त्या देवाची स्तुती करा" या अर्थाचे. चाल मात्र लांबलचक, एक आवाज ओळ उचलतो, दुसरा तिच्यावर चढतो, शेवटी हालेलुया आणि आमेन एकमेकांच्या अंगावरून धावत जातात. १९९२ च्या निळ्या पुस्तकात त्याचा क्रमांक ११८ झाला, पण म्हणतात अजून सहाशे सहाच. हे गीत लागलं की लोक पुस्तक न उघडता उभे राहतात, आणि नवखा माणूस मधोमध एकटा पडतो. मीही पडले होते. याला 'मेनोनाइटांचं राष्ट्रगीत' म्हणतात ते मला पटत नाही. पाहुण्यापुढे आपण किती घरचे आहोत हे दाखवायला ते गायचं नाही. पण त्यावरचा उपाय ते गाणं बंद करणं हा नव्हे. आजींनी मला त्यातली आल्टो त्यांच्या स्वयंपाकघरात चार-चार ओळी करून शिकवली. आज पहिल्या सुरापासून शेवटच्या आमेनपर्यंत मी त्यात असते, आणि आसपास कुणी गप्प उभं असेल तर मला दिसतं.

नवं पुस्तक, 'व्हॉइसेस टुगेदर', आलं डिसेंबर २०२० मध्ये, म्हणजे एकत्र गाणंच बंद असताना. आम्ही तेव्हा झूमवर होतो. साँग लीडर एकट्या गात आणि आम्ही सगळे माइक बंद करून आपापल्या घरात. आल्टो एकटी म्हणणं काय असतं हे तेव्हा सगळ्यांनाच कळलं असेल. या पुस्तकात जगभरची गीतं आहेत, कितीतरी भाषांतली, आणि ती नुसती तोंडी लावायला ठेवलेली नाहीत. ही वाट मोठ्या प्रमाणावर खुली करणाऱ्यांत गोशेन कॉलेजच्या मेरी ओयर होत्या. लाल पुस्तकाच्या कामात त्या होत्या, मग आफ्रिकेत जाऊन तिथलं संगीत शिकून आल्या आणि मंडळ्यांना शिकवलं. जानेवारी २०२४ मध्ये त्या वारल्या, शंभर वर्षांच्या होऊन. आज जगातले बहुतेक मेनोनाइट आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतले आहेत, इथिओपियाची मंडळी तर सगळ्यांत मोठी. त्यांची गाणी त्यांच्या ढंगानं व्हावीत, एका आवाजात, टाळ्यांवर, ढोलावर. ते शिकायलाही इथल्यांना तेवढेच कष्ट पडतात आणि पडू द्यावेत.

आपल्याकडचा धागा इथे अनपेक्षित ठिकाणी सापडतो. इथल्या जुन्या घरांत 'धमतरी' हे नाव माहीत असतं. १८९९ मध्ये दुष्काळाच्या दिवसांत अमेरिकेतले मेनोनाइट मिशनरी तिथे पोचले. आज छत्तीसगडात असलेलं धमतरी तेव्हा मध्य प्रांतात, राजधानी नागपूर. त्यांनी काढलेला दवाखाना अजून चालू आहे. यवतमाळला १९५३ मध्ये सुरू होऊन १९८३ मध्ये पुण्याला आलेल्या युनियन बिब्लिकल सेमिनरीतही मेनोनाइट मंडळ्यांचा हात होता. आमच्या मंडळीतले एक आजोबा धमतरीत वाढलेले आहेत, मसूरीच्या वुडस्टॉक शाळेत शिकलेले. ते मला भेटले की हिंदीत "खाना हो गया?" विचारतात.

आणि निळ्या पुस्तकात तर कृष्णराव रत्नाजी सांगळे आहेत! ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा नगरकडे ज्यांनी रुजवली ते सांगळे. त्यांचं गीत इंग्रजीत आणलं अमेरिकन मराठी मिशनच्या आल्डन क्लार्क यांनी, आणि चालीचं नाव छापलंय 'तन मन धन'. पानं चाळताना ते नाव दिसलं तेव्हा मी आजींना ते पान दाखवून म्हटलं, हे आमच्या गावचे. पुढच्याच महिन्यात साँग लीडरनी ते लावलं आणि मला पुढे बोलावून ठेका धरायला सांगितलं. मी पायानं आणि टाळीनं धरला. सम कुठे येते ते मंडळीला दोनदा दाखवावं लागलं. तिसऱ्यांदा आली. कुणी म्हटलं नाही की हे आमच्यासाठी अवघड आहे, दुसरं सोपं काही घ्या.

गाणं फक्त रविवारपुरतं नाही, म्हणूनही मला त्याची काळजी वाटते. मंगळवारी बायका तळघरात कंफर्टर बांधायला बसतात. ठिगळांचं वरचं कापड, मध्ये भरण, खाली अस्तर, हे सगळं चौकटीवर ताणून ठरावीक अंतरावर लोकरीच्या गाठी मारायच्या. ते जातात मेनोनाइट सेंट्रल कमिटीकडे. ही संस्था १९२० मध्ये इथेच, शेजारच्या एल्कहार्ट गावी, दक्षिण रशियातल्या उपाशी लोकांसाठी उभी राहिली. गाठी मारता मारता कुणीतरी सुरू करतं आणि बाकीच्या आपापली ओळ पकडतात. पुण्यगुरुवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या गुरुवारी, एकमेकांचे पाय धुतात तेव्हाही तसंच, पुढे कुणी उभं नसतं, तसराळं आणि टॉवेल फिरत असतात, आणि गाणं कुठूनही उठतं. गेल्या हिवाळ्यात मंडळीतले एक आजारी वडीलजन शेवटच्या दिवसांत होते, तेव्हा घरच्यांनी फोन करून बोलावलं. पुस्तकं नव्हती, पडदा तर नव्हताच. ते स्वतः बेस गायचे. त्या खोलीत बेस त्यांच्या मुलानं घेतला. हे ज्यांना येत होतं ते त्यांना लहानपणी कुणीतरी हातात पुस्तक देऊन शिकवलं होतं.

म्हणून सभेत मी उभी राहिले आणि म्हणाले : आमचं नाव पुढे करून हे सोडू नका. आम्हाला परकं वाटलं ते चार आवाजांमुळे नाही. कुणी शेजारी बसवून घेतलं नाही तेव्हा परकं वाटलं. पडदा लावायचा तर लावा, पण त्यावर नोटेशनही दाखवा, आणि बाकावरचं पुस्तक काढू नका. ठराव अजून झालेला नाही. आमच्याकडे मतमोजणीपेक्षा सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलत राहायची पद्धत आहे, तेव्हा वेळ लागेल.

तोवर बुधवारी संध्याकाळी, जेवणाआधी, मी आणि आजी तळघरातल्या खोलीत वर्ग घेतो आहोत. मी सारेगमवरून सूर सांगते, आजी आकार दाखवतात. मोठी माणसं आणि मुलं एकत्र. होंडुरासच्या एक काकू आल्टोत पक्क्या झाल्या आहेत, त्यांची मुलगी सोप्रानोत. टेनरला माणसं कमी पडताहेत. गोशेनच्या आसपास कुणी मराठी माणूस हे वाचत असेल आणि आवाज जरा वरचा असेल, तर साडेपाचला या, जेवणही तिथेच आहे.