अंगणातला स्नो, आईचं मीठ आणि दोन मार्कांची व्याख्या

आमच्या घरात बर्फ फ्रीजमध्ये असतो आणि बाहेर पडतो तो स्नो. मराठीत दोन्हीला एकच शब्द, पण मुलं ऐकत नाहीत, आणि आता माझ्याही तोंडात तेच बसलंय. आम्ही कॅनडात, ऑंटारिओमधल्या वॉटर्लूला राहतो. इथे फेब्रुवारीच्या तिसऱ्या सोमवारी 'फॅमिली डे'ची सुट्टी असते. कुटुंबाने एकत्र वेळ घालवावा असा सरकारी हेतू. प्रत्यक्षात मुलं सकाळी साडेसातला उठून "आता काय करायचं?" विचारतात.

त्या दिवशी बाहेर अधिक 2 होतं. आधीचे दोन आठवडे उणे 15, उणे 18 असे काढल्यावर अधिक 2 म्हणजे इथे लोक जाकिटाची चेन उघडी टाकून फिरतात. आई साताऱ्याहून आलेली, तिला हे पटत नव्हतं. दोन स्वेटर, कानटोपी आणि वर माझी शाल अशा थाटात ती खिडकीशी बसून होती. मागच्या दाराच्या तीन पायऱ्यांवर एकदा तिचा पाय सरकला होता, तेव्हापासून अंगण तिने वर्ज्य केलेलं.

मला वाटलं होतं, स्नो ओला झालाय, आता काही मजा नाही. उलटंच निघालं. कडाक्याच्या थंडीतला स्नो रव्यासारखा कोरडा असतो, मुठीत दाबला की बोटांमधून भुरभुर सांडतो. त्या आठवड्यांत आमचा एकही स्नोमॅन उभा राहिला नव्हता. आज मात्र पहिल्याच मुठीत लाडू वळला गेला. भाच्याच्या दहावीच्या पुस्तकात 'पुनर्हिमायन' असा भारदस्त शब्द आहे: दाबाने बर्फ वितळतो, दाब काढला की पुन्हा गोठतो. मी लगेच मुलांना तेच ऐकवलं. थोरलीने विचारलं, "मग उणे 18 ला मी दाबत नव्हते का?" रात्री आकडे पाहिले तर तिचंच बरोबर. एका वातावरणाइतका, म्हणजे आपल्यावर एरवी हवेचा असतो तेवढा, दाब वाढवला तरी बर्फाचा वितळणबिंदू एका अंशाच्या शंभराव्या भागाइतकाही खाली येत नाही. हाताच्या दाबाने काय होणार! खरं काम करतं ते शून्याच्या आसपास कणांवर आधीच आलेलं पाणी. ते कणांना चिकटवतं, आणि कणांचे सांधे गोठून पक्के होतात.

स्नोमॅनचा खालचा गोळा नवऱ्याने हौसेने अंगणभर लोळवला. दुसराही तितकाच मोठा केला आणि मग तो उचलायला गेला. व्यास दुप्पट झाला की वजन आठपट होतं हे गणितात ठीक असतं, कमरेला ते वेगळ्या पद्धतीने समजतं. 60 सेंटीमीटरचा दाबलेला ओला गोळा 45 किलोच्या घरात जातो. शेवटी गॅरेजमधली फळी तिरकी लावून ढकलत चढवला. आमचा स्नोमॅन त्यामुळे एका बाजूला कलता राहिला, रस्त्यावरून कोणाला तरी हाक मारत असल्यासारखा.

मग प्रयोगांची यादी. पहिला प्रयोग सपशेल फसला. बेंजामिन फ्रँकलिनने अठराव्या शतकात रंगीत कापडाचे तुकडे उन्हात बर्फावर ठेवून पाहिले होते. काळा सगळ्यात खोल रुतला, पांढरा जवळजवळ नाहीच. आम्ही काळा मोजा, लाल रुमाल आणि पांढरं फडकं मांडलं, अर्ध्या तासाने पाहिलं तर तिन्ही सारखेच ओले. कारण डोक्यावर होतं आणि मी वर पाहिलंच नव्हतं: आभाळ भरलेलं. ऊनच नाही तर काळ्याने शोषायचं काय? उबदार हवा सगळ्यांना सारखंच वितळवत होती.

मध्येच मोठमोठे कापसासारखे स्नोचे पुंजके पडायला लागले. अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्यातल्या जेरिको गावच्या विल्सन बेंटली या शेतकऱ्याने 1885 मध्ये सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमस्फटिकाचा फोटो घेतला आणि पुढे आयुष्यभरात असे 5000 हून अधिक फोटो काढले, ही गोष्ट मुलांना माहीत होती. म्हणून काळा पुठ्ठा आणि भिंग घेऊन आम्ही उभे. पुठ्ठा घरातून आणलेला, म्हणजे गरम. पडलं की थेंब, पडलं की थेंब. पुठ्ठा वीस मिनिटं बाहेर ठेवल्यावर थोडं जमलं, पण नाजूक चांदणीसारखे स्फटिक उणे 15 च्या आसपासच्या ढगात घडतात आणि खालची हवाही थंड असेल तरच अखंड पोचतात. आज आले ते एकमेकांना चिकटलेले गठ्ठे. एक मोडकी सहा टोकांची चांदणी दिसली, त्यावर दोघांनी भांडण केलं.

बरणीचा खेळ मात्र छान झाला. सरळ कडांच्या बरणीत 20 सेंटीमीटर स्नो भरला आणि वितळल्यावर किती पाणी होईल यावर पैज. धाकटा म्हणाला वीस, थोरली म्हणाली दहा. भरलं 6. ताजा भुसभुशीत स्नो असता तर 2 च्या आसपास भरलं असतं. बाकी सगळी हवा.

आणि मग आइस्क्रीम. माझी कल्पना अशी की बाहेर फुकटचा फ्रीझर आहे, त्यात दूध ठेवलं की झालं. अर्धा लीटर हाफ अँड हाफ (दूध आणि मलईचं मिश्रण), साखर, वेलची एका पिशवीत घातली, ती दुसऱ्या पिशवीभर स्नोमध्ये, आणि पाळीपाळीने हलवत बसलो. पंधरा मिनिटांनी थर्मामीटर शून्यावर, दूध पातळच्या पातळ. "स्नो थंड आहे ना, मग गोठत का नाही?" धाकट्याचा प्रश्न बिनतोड होता. गोड दुधाला गोठायला शून्याच्या खाली जावं लागतं, आणि वितळणारा स्नो शून्यावरून हलत नाही. दोन चमचे मीठ टाकून पाहिलं. उणे 2. वर आतली पिशवी गळली आणि खारट दूध झालं.

खिडकी वाजली. आई आतून हाताने 'थांबा' म्हणत होती. पाच मिनिटांनी ती दारात, दोन स्वेटरसकट, एका हातात स्टीलचा कडीचा डबा, दुसऱ्या हातात मिठाचं अख्खं पाकीट.

"चमच्याने कुठे मीठ घालतात? आइस्क्रीमचा पॉट कधी बघितला नाहीस का?"

बघितला होता. मे महिन्यात आजोळी लाकडी पॉट निघायचा, गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी यायची, ती दगडाने फोडायची आणि हँडल फिरवायला आम्हा भावंडांची रांग. मला फक्त चाटायला मिळालेलं पातं आठवतं. आईला बाकी सगळं आठवत होतं. बादलीत स्नोचा थर, मुठीने मीठ, पुन्हा थर. डबा मधोमध. खारं पाणी झाकणाच्या खूप खाली राहायला हवं, जास्त झालं तर काढून टाकायचं. मग कडी धरून डबा अर्धा इकडे, अर्धा तिकडे, न थांबता. दर पाच मिनिटांनी झाकण पुसून उघडायचं आणि कडेला धरलेलं कालथ्याने खरवडून मध्ये ढकलायचं. आणि हो, हातमोजे काढायचे नाहीत, ते मिश्रण नुसत्या हाताला भाजल्यासारखं करतं.

थर्मामीटर उतरायला लागला. उणे 6. उणे 10. उणे 13 ला थांबला. (मीठ वजनाने 23 टक्के झालं तर उणे 21 पर्यंत जाता येतं, पण आमचा स्नो आधीच पाणी प्यालेला.) बाहेर हवा अधिक 2, आणि बादलीत उणे 13! धाकटा वाकून बघत म्हणाला, "थंडी आली कुठून?"

आली कुठूनच नाही, उष्णता गेली. मिठामुळे बर्फाला शून्याच्या खालीही वितळावंच लागतं, आणि वितळायला दर ग्रॅमला 80 कॅलरी लागतात. तेवढ्या उष्णतेत शून्यावरचं पाणी 80 अंशांपर्यंत तापलं असतं. ती उष्णता तो मिळेल तिथून ओढतो: स्वतःतून, डब्यातून, दुधातून. 'वितळणाचा अप्रकट उष्मा' ही व्याख्या मी शाळेत दोन मार्कांसाठी घोकली होती, दोन्ही मार्क मिळालेही होते. ती काय म्हणत होती ते मला त्या बादलीशी उकिडवं बसल्यावर कळलं.

पंचवीस मिनिटांनी जे निघालं ते कुल्फी आणि लस्सीच्या मधलं काहीतरी होतं. पायऱ्यांवर बसून, थेट डब्यातून, चार चमच्यांनी संपलं. आईने चमचा घेतला नाही. ती कालथा चाटत होती.

उरलं बादलीभर खारं पाणी. हिरवळीवर ओतलं तर गवत जळतं, म्हणून ते मधल्या पायरीवर ओतलं, जिथे आईचा पाय सरकला होता. "एवढं मीठ," ती रिकामं पाकीट उलटं करून बघत म्हणाली. "महिनाभर पुरलं असतं."

सकाळी उणे 9. अंगण दगड झालेलं, काळा मोजा, लाल रुमाल, पांढरं फडकं तिन्ही एकत्र गोठलेले. वरची आणि खालची पायरी काचेसारखी चकाकत होती, मधली नुसती ओली. आईने दार किलकिलं करून बघितलं.

"वाया नाही गेलं हो," ती म्हणाली, आणि आणखी एक पाकीट कुठे आहे ते विचारलं.