तुम्ही विचारलंत म्हणून: हा धर्माचा वर्ग आहे का?

"बाई, हा वर्ग धर्माचा, चित्रकलेचा की मोर्चेवाल्यांचा?" आपल्या बेने इस्रायली, म्हणजे महाराष्ट्रातील ज्यू, पालकांचा हा प्रश्न मी कित्येक वर्षे ऐकते आहे आणि दर वेळी त्याचे अर्धेच उत्तर देत आले आहे.

ते अर्धे उत्तर असे, की या तिन्ही गोष्टी मी एकत्र आणलेल्या नाहीत. पुण्यात 1874 मध्ये छापलेल्या मराठी हगादेत, म्हणजे पेसाह या सुटकेच्या सणाच्या रात्री वाचायच्या पोथीत, साडी नेसलेल्या बायका खाली बसून सणाची बेखमीर भाकरी करताना दिसतात, 1880 च्या सुमारास आपल्या पूर्वजांनी तोरा या आपल्या धर्मग्रंथातील कथा कीर्तनात आणल्या, डॉ. जेरूशा झिराड यांनी 1925 मध्ये मुंबईत ज्यूईश रिलिजस युनियन ही उदारमतवादी धार्मिक संस्था उभी केली; आणि आपल्या विवाहांवर शंका घेणाऱ्या इस्रायलमधील रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, विरोधात 1964 मध्ये जेरुसलेमला धरणे धरून बसलेली माणसे आपलीच होती. एवढे सांगून मी थांबत असे.

उरलेले अर्धे उत्तर एका पेसाहचे आहे. प्रत्येक पिढीतील माणसाने आपण स्वतः मिसरातून, म्हणजे इजिप्तच्या गुलामगिरीतून, बाहेर पडलो असे समजावे, हे मिश्ना या जुन्या धर्मसंहितेतील वाक्य शिकवून मी मुलांना विचारले, की आज मिसर कोठे आहे, आणि उत्तर लिनोलियमवर, म्हणजे कोरून ठसा छापायच्या मऊ तक्त्यावर, कोरायला सांगितले. अकरा वर्षांच्या एका मुलीने सेदरचे, म्हणजे पेसाहच्या रात्रीच्या विधिवत जेवणाचे, टेबल कोरले. त्याभोवती उशांवर डावीकडे रेललेली पाच माणसे होती आणि स्वयंपाकघराच्या दारात भांड्यांपाशी उकिडवी बसलेली एक बाई. तिचा चेहरा न कोरल्यामुळे शाईने भरून आला होता. हातातल्या दोन बांगड्या तेवढ्या पांढऱ्या उमटल्या होत्या. मी हरखून गेले. सेदरच्या रात्री ते चित्र मी माझ्या घरी भिंतीवर मधोमध लावले.

त्या मुलीच्या धाकट्या भावाला कडेवर घेऊन त्यांच्याकडे कामाला असलेल्या बाई आल्या होत्या. त्या बराच वेळ चित्रासमोर उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "ही मीच ना? मला कुणी विचारलं नाही. आणि माझ्याच तोंडाला काळं कशाला फासलंय?"

जिथे कोरत नाही तिथे शाई लागते, असे मी त्यांना समजावू लागले. त्यांनी ते सगळे ऐकून घेतले, मुलाला आईच्या हाती दिले आणि त्या निघून गेल्या. त्या पुन्हा त्या घरी कामाला गेल्या नाहीत. चारचौघांत माणसाचा चेहरा पांढरा पाडणे, त्याला लाजवणे, म्हणजे रक्त सांडणे, असे ताल्मूद हा आपला धर्मग्रंथ सांगतो, आणि हे मी त्याच वर्षी त्याच मुलांकडून पाठ करून घेतले होते.

म्हणून नुसत्या प्रार्थनाच शिकवाव्यात, असे तुम्ही म्हणाल, तर ते मला मान्य नाही. टेबलाभोवतीच्या पाच मोठ्यांना जे दिसले नव्हते ते त्या मुलीला दिसले होते, आणि ते खरेच होते. "मी खोटं काढलं का?" असे तिने विचारले तेव्हा मी ठामपणे नाही म्हणाले. आजही नाहीच म्हणेन. पण ते भिंतीवर लावण्याचा अधिकार मला कोणी दिला, याचे उत्तर तेव्हाही माझ्यापाशी नव्हते.

आता जिवंत माणसाचे चित्र काढण्यापूर्वी त्याला विचारायचे, असा नियम मी केला आहे. त्यावर एका मुलाने विचारले, "आणि तो नको म्हणाला तर ते कुणाला दिसणारच नाही ना?" तो प्रश्न अजून वर्गात तसाच आहे. पेसाहपूर्वी आम्ही पुन्हा लिनोलियम आणणार आहोत; मुलांना पाठवायचे की नाही, ते हे वाचून ठरवा.