आमची वाटचाल : तीस कुप्या

आमची प्रयोगशाळा सुरू झाली ती एका वापरलेल्या गॅस क्रोमॅटोग्राफवर (मिश्रणातली द्रव्यं वेगळी करून मोजणारं यंत्र) आणि हाताने दाबायच्या क्रिम्परवर. तो क्रिम्पर अजून टेबलावर आहे. मधे नवा घेतला, पण ब्युटाइल रबराच्या जाड बुचावर ॲल्युमिनियमची टोपी जुन्यासारखी त्याला आवळता येत नाही.

पहिली वर्षं बरी गेली. मग ती पावडर आली. जमिनीत ट्रायक्लोरोइथिलीन, म्हणजे यंत्रभागांवरचं तेल-ग्रीस काढायचा विषारी द्रव, मुरलेलं असलं की आम्ही म्हणायचो, आधी तिथलीच माती नि भूजल घेऊन कुप्या लावू, तिथले जिवाणू ते मोडतात का बघू, सहा-आठ महिने द्या. समोरच्या कंपनीने मळी आणि जिवाणूंची पावडर ओतली आणि तीन महिन्यांत ‘ट्रायक्लोरोइथिलीन गायब’ असा रंगीत अहवाल दिला. खोटा नव्हता हो! फक्त त्याचं झालं काय, हे कुणी मोजलं नव्हतं. ऑक्सिजन नसलेल्या जागी जिवाणू या रेणूतला एकेक क्लोरीन काढत जातात. आधी डायक्लोरोइथिलीन, मग व्हिनाइल क्लोराइड, शेवटी निरुपद्रवी इथीन. शेवटची पायरी डेहॅलोकोकॉइड्ससारख्या मोजक्या जिवाणूंनाच जमते. ते नसले तर गाडी अलीकडेच अडते, आणि व्हिनाइल क्लोराइड मूळ विषापेक्षा जहाल.

हे भर बैठकीत सांगितलं, तर ‘धंदा जातोय म्हणून बोलता’ असं ऐकून घ्यावं लागलं. वर्षभरात जवळजवळ सगळी कामं गेली. भागीदाराने हिस्सा काढून घेतला. त्याला दोष देत नाही. म्हणजे, थोडा देतो.

टिकले एक काका. जुन्या कारखान्याची जागा त्यांच्या गळ्यात पडलेली. तीस कुप्या लावल्या, त्यातल्या दहांची माती ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेत, जिवाणूंसकट मारलेली. (तुलनेसाठी असा मेलेला कंट्रोल न लावता कुणी आकडे दाखवले तर पैसे देऊ नका. बुचातून उडून गेलेलं द्रव्यही जिवाणूंच्या खात्यावर जमा होतं.) जिवंत कुप्यांत रेझाझुरिन या दर्शकाचा गुलाबी रंग उतरला, म्हणजे ऑक्सिजन संपला. काका दर महिन्याला यायचे, कुप्या उजेडात धरून बघायचे. व्हिनाइल क्लोराइड चढतच होतं. मीही पावडरवाल्यांसारखाच तिथे थांबलो असतो, तर? सातव्या महिन्यात क्रोमॅटोग्राफच्या आलेखावर इथीनचं शिखर उमटलं. मेलेल्या कुप्यांत सपाट रेघ. काकांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला.

पावडर ओतलेल्या त्या जागेचे नमुने पुढे आमच्याकडेच आले. व्हिनाइल क्लोराइड किती निघालं ते सांगत नाही, करार आहे.