मधे कोण उभं आहे?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. महिन्या-दोन महिन्यांतून कुणीतरी हा प्रश्न टाकतंच: "मॅडम, अमेरिकेतल्या काळ्या लोकांचा इतिहास वाचायचाय, कुठून सुरुवात करू?" मी कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, तेव्हा मला हे ठाऊक असणारच, असा लोकांचा समज. पहिल्यांदा विचारणाऱ्या मुलाला मी सहाशे पानांचा ठोकळा काढून दिला होता. पंधरा दिवसांनी त्याने तो परत आणला, तेव्हा एसटीचं तिकीट चाळिसाव्या पानात खुणेला होतं. चूक त्याची नव्हती.

ही ओढ आपल्याकडे काही आजची नाही. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. १९४६ साली बाबासाहेबांनी ड्यू बॉइस या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय विचारवंतांना पत्र लिहिलं आणि तिथल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचं नाव तिथल्या ब्लॅक पँथरवरून आलं हे सांगायला नकोच.

तर माझं उत्तर असं. इतिहासकारापासून सुरुवात करू नका, ज्याने भोगलं त्याच्यापासून करा. आणि पुस्तक हातात घेतलंत की तुमच्या आणि त्या माणसाच्या मधे कोण उभं आहे, ते आधी बघा.

पहिलं पुस्तक फ्रेडरिक डग्लस यांचं, १८४५ सालचं आत्मकथन. बारीकसंच आहे, दोन रविवारांत होतं. त्याच्या शीर्षकातच 'स्वतः लिहिलेलं' असं छापलंय. गुलामीतून पळालेला माणूस असं लिहू शकतो यावर कुणाचा विश्वास बसणार? म्हणून सुरुवातीला दोन गोऱ्या सज्जनांची प्रस्तावना आणि पत्र, म्हणजे जामीनदारच म्हणा. मी ती पानं शेवटी वाचायला सांगते. आधी त्या पोराला भेटा. बाल्टिमोरमध्ये मालकीण त्याला अक्षरं शिकवू लागली, मालकाने ते बंद पाडलं, तेव्हा तो रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या पोरांना पाव देऊन त्यांच्याकडून वाचायला शिकला. संस्कृती समजून घ्यायची असेल तर याच पुस्तकात गाण्यांबद्दलची दोन-तीन पानं आहेत. गुलाम गातात म्हणजे सुखी आहेत, असं अमेरिकेच्या उत्तरेत लोक म्हणायचे, ते ऐकून डग्लस थक्क झाले होते. जात्यावरची ओवी ऐकलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पुढे ड्यू बॉइस यांनी १९०३ च्या पुस्तकात प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर याच गाण्यांचे सूर छापले, तेही शब्दांशिवाय, नुसत्या स्वरलिपीत.

दुसरं हॅरिएट जेकब्स यांचं, १८६१ सालचं. माझं सगळ्यात लाडकं. मालकाचा हात अंगावर पडू नये म्हणून ही बाई आजीच्या घराला लागून असलेल्या पडवीच्या माळ्यावर जवळजवळ सात वर्षं लपून राहिली. नऊ फूट लांब, सात फूट रुंद, आणि जिथे सगळ्यात उंच तिथे तीन फूट. उभं राहणं सोडाच, नीट बसताही यायचं नाही. लाकडाला भोकं पाडून त्यांतून ती खाली खेळणारी स्वतःची मुलं बघायची. त्या मुलांना पत्ता नव्हता. पुढे सुटका झाल्यावर तिने एका अतिशय गाजलेल्या गोऱ्या लेखिकेकडे मदत मागितली, तर त्या बाईंनी हिची कहाणी आपल्याच पुस्तकात घालायचं ठरवलं. जेकब्स नाही म्हणाल्या आणि स्वतः लिहायला बसल्या. टोपणनावाने लिहिलं, संपादन एका गोऱ्या बाईंनी केलं, आणि तेवढ्यावरून पुढे कित्येक वर्षं विद्वान ही कादंबरीच समजत राहिले. १९८० च्या दशकात पत्रं आणि कागदपत्रं जुळवून सिद्ध करावं लागलं की बाई खरी होती, माळाही खरा होता.

तिसऱ्याची गोष्ट प्रकाशकांची आहे. झोरा नील हर्स्टन या कृष्णवर्णीय लेखिकेने १९२७ पासून अलाबामात कोसोला नावाच्या म्हाताऱ्याला भेटून त्याची कहाणी टिपली. आफ्रिकेतून माणसं आणणं १८०८ पासून बेकायदा होतं, तरी १८६० साली 'क्लोटिल्डा' नावाच्या जहाजातून त्याला चोरून आणलं होतं. झोराबाईंनी त्याची मोडकी, स्वतःची अशी इंग्रजी जशीच्या तशी ठेवली. प्रकाशकाला शुद्ध भाषा हवी होती. बाईंनी ऐकलं नाही, आणि हस्तलिखित पडून राहिलं ते थेट २०१८ पर्यंत. दलित आत्मकथनांच्या भाषेवरून आपल्याकडे काय काय ऐकवलं गेलं, ते आठवा. पहिली दहा पानं अडखळायला होतं. मोठ्याने वाचा, जमतं.

ठोकळे नंतर. त्यातला एकच सांगते: इझाबेल विल्करसन यांचा २०१० चा ग्रंथ. दक्षिणेतून उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे गेलेल्या साठेक लाख कृष्णवर्णीय माणसांचा इतिहास आहे, पण सांगितलाय तिघांच्या आयुष्यांतून. म्हणून तो चाळिसाव्या पानाच्या पुढे जातो.

पैशांची अडचण असेल तर डग्लस आणि जेकब्स इंटरनेटवर फुकट आहेत. गुलामीत जन्मलेल्या दोन हजारांहून जास्त म्हाताऱ्यांच्या, १९३६ ते १९३८ मध्ये एका सरकारी योजनेतून घेतलेल्या मुलाखतीही अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने तिथेच ठेवल्या आहेत. बहुतेक मुलाखती घेणारे गोरे होते. चार्ल्सटनच्या सुझन हॅम्लिन या म्हातारीची मात्र दोनदा मुलाखत झाली. एकदा गोरी बाई आली. म्हातारीला वाटलं, सरकारी मदतीच्या कचेरीतून आलीय. तिने सांगितलं, मालक फार चांगला होता. एकदा आला तो कृष्णवर्णीय माणूस. त्याला तिने चाबूक सांगितला, आणि मुलं विकली जायची तेव्हा आया कशा आक्रोश करायच्या तेही. दोन्ही मुलाखती त्याच संग्रहात आहेत. एका बैठकीत वाचा, आणि गोऱ्या बाईची आधी.